हाकेला ओ कोण देणार?

आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत रुग्णाचा निरोप सिस्टरपर्यंत पोचवतो तो नातेवाईक. सलाईनची बाटली संपत आली, की खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेली सून किंवा भाऊ उठतो, वॉर्डाच्या टोकाला काउंटरशी जातो आणि सांगतो, "सिस्टर, अकरा नंबरचं सलाईन संपलंय." सिस्टर केसपेपरवरची नजर न हलवता "आले" म्हणते. बेडपॅन हवं असेल तर मावशींना हाक, स्ट्रेचर हवं असेल तर मामांना. कुठला निरोप कुणाकडे न्यायचा, तातडीचं काय आणि थांबण्यासारखं काय, सिस्टर इंजेक्शन भरत असेल तर दोन मिनिटं गप्प कसं उभं राहायचं, हे सगळं त्या नातेवाइकाला दोन दिवसांत कळून चुकतं. रुग्णालयाने त्याला हे शिकवलेलं नसतं आणि त्याचा मोबदलाही दिलेला नसतो. तरी वॉर्ड चालतो तो बऱ्याच अंशी त्याच्या पायांवर.

बटणं, पडदे आणि ॲप यांच्याकडे वळण्याआधी हा निरोप्या नीट पाहून घ्यायला हवा. रुग्ण आणि परिचारिका यांच्यातली कुठलीही डिजिटल व्यवस्था त्याचंच काम करायला निघालेली असते, आणि तो किती कामं करतो हे न पाहता बसवलेली व्यवस्था फसते. शिवाय हा निरोप्या आता पूर्वीसारखा हाताशी उरलेला नाही. आयसीयूत तो दाराबाहेर असतो. कोथरूडमध्ये किंवा डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची मुलं सिडनीत नाहीतर टेक्सासात असतात. मजुरीवर पोट असलेल्या घरात खाटेशी कुणी बसायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो.

२०२० साली तर हा निरोप्या एका फटक्यात वॉर्डाबाहेर गेला. करोनाच्या वॉर्डात नातेवाइकांना बंदी. आत रुग्ण, आणि डोक्यापासून पायापर्यंत पीपीई किटमध्ये गुरफटलेली सिस्टर. चेहरा दिसत नाही, आवाज मास्कमधून दबून येतो, म्हणून कितीतरी जणी किटवर छातीशी मार्करने आपलं नाव लिहायच्या. किट एकदा चढवलं की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणं नाही. प्रत्येक हाकेसरशी आत धावणं शक्यच नव्हतं. मग रुग्णाचा स्वतःचा मोबाइलच हाक मारायचं साधन झाला. वॉर्डाच्या फोनवर मिस कॉल दिला की कुणीतरी काचेआडून बघायचं. ज्यांच्या बोटांत फोन धरायचंही बळ नव्हतं, त्यांच्यासाठी सिस्टरने ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी फोन धरला आणि पलीकडच्या घराला त्यांचा माणूस दाखवला. त्या वर्षभरात आपल्या परिचारिकांनी डिजिटल संवादाचं जे काम केलं, ते कुठल्याही नोकरीच्या वर्णनात लिहिलेलं नव्हतं. त्याची नोंद व्हायला हवी म्हणून ते इथे आधी सांगितलं.

आता यंत्राकडे येऊ. १८५३ साली, क्रिमियाच्या युद्धाला जाण्याआधी, फ्लोरेन्स नाइटिंगेलने लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका लहानशा संस्थेची जबाबदारी घेतली. रुजू होण्याआधीच तिने आपल्या मागण्या कळवल्या होत्या. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावं. जेवण वर चढवायला लिफ्ट असावी. आणि रुग्णांच्या घंटा नर्सच्या दाराबाहेर वाजाव्यात; ज्या रुग्णाने घंटा ओढली त्याच्या घंटेची झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कुणी बोलावलं हे नर्सला नुसतं बघून कळेल. एवढी सोय नसेल तर नर्सचा दिवस जिने चढण्या-उतरण्यातच जाईल, असं तिचं म्हणणं होतं.

ती उघडी राहणारी झडप मला फार महत्त्वाची वाटते. घंटेचा नाद दोन सेकंदांत विरतो. त्या वेळी नर्स दुसऱ्या खोलीत असेल, तर हाक मारली गेली होती याचा मागमूस उरत नाही. झडप मात्र नर्स येईपर्यंत तशीच थांबते. हाकेची नोंद राहिली पाहिजे आणि ओ मिळेपर्यंत ती मिटता कामा नये, हा नियम तेव्हा घातला गेला. आज लाखो रुपयांच्या यंत्रणा विकल्या जातात त्याही याच नियमावर उभ्या आहेत.

बऱ्यापैकी खासगी रुग्णालयात खाटेच्या डोक्याशी भिंतीवर एक पॅनल असतं. त्यावर ऑक्सिजनचा आउटलेट, सक्शन, विजेचे प्लग आणि एका वायरीला लोंबणारं बटण. बटण दाबलं की दाराबाहेरचा दिवा लागतो, काउंटरवर खाटेचा नंबर उमटतो आणि बझर वाजू लागतो. संडासात बटणाऐवजी दोरी असते आणि ती जवळजवळ जमिनीपर्यंत सोडलेली असावी लागते, कारण घसरून पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही. फरशी पुसताना आड येते म्हणून ही दोरी वर गुंडाळून ठेवलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. पुसणाऱ्याचा दोष नाही; ती दोरी तिथे का आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. चांगल्या यंत्रणेत संडासातली हाक काउंटरवर बसून बंद करता येत नाही, तिथे जाऊनच बंद करावी लागते. बटणाची वायर निसटली तरी हाक आपोआप लागते, म्हणजे बिघाड लपून राहत नाही. या गोष्टींसाठी अमेरिकेत यूएल १०६९ आणि जर्मनीत डीआयएन व्हीडीई ०८३४ अशी मानकं आहेत.

जर्मन पद्धतीतली आणखी एक सोय सांगण्यासारखी आहे. परिचारिका खोलीत शिरली की दाराशी असलेलं हजेरीचं बटण दाबते आणि बाहेर हिरवा दिवा लागतो. त्या दिव्यावरून सोबतिणींना कळतं की ही इथे आहे. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून हाक आली तर तिचा आवाज या खोलीतही येतो, कारण परिचारिका इथे आहे हे यंत्रणेला ठाऊक झालेलं असतं. हाक रिकाम्या काउंटरवर वाजत बसत नाही, माणूस जिथे आहे तिथे जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. तिकडे गेलेल्या आपल्या मुलींना हा हिरवा दिवा पहिल्या पाळीपासून भेटणार आहे.

इतकं सगळं असूनही बटणाची एक मर्यादा आहे. ते फक्त "या" एवढंच म्हणतं. तहान लागली, टाके ठणकताहेत, चष्मा खाटेखाली पडला, छातीवर दडपण आलंय, या सगळ्यांचा बझर सारखाच. सिस्टर कामातून उठून खोलीत जाते तेव्हा तिला कळतं की उशी सरकवायची होती किंवा गोळी हवी होती. गोळीसाठी ती परत औषधाच्या कपाटाकडे येते, नोंद पाहते, पुन्हा खोलीत जाते. हाक मारतानाच "दुखतंय" एवढं पोचलं असतं तर एक फेरी वाचली असती. एका पाळीत अशा किती फेऱ्या होतात ते नाईट करून आलेल्या कुठल्याही सिस्टरच्या पोटऱ्यांना विचारावं.

रुग्णाच्या बाजूनेही हे बटण अवघड असतं. आपल्याकडची माणसं, विशेषतः बायका आणि म्हातारी माणसं, ते दाबायलाच संकोचतात. "एवढ्याशासाठी सिस्टरला कशाला त्रास" म्हणत रात्री दोन वाजता स्वतःच उठतात. एका हातात सलाईन, रिकाम्या पोटी रक्तदाबाची गोळी, अनोळखी खोली, गुळगुळीत फरशी. रुग्णालयात लोक पडतात ते बऱ्याचदा संडासाच्या वाटेवर. खुब्याचं हाड मोडलं की सत्तरीच्या माणसाला पूर्वीसारखं हिंडता येईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

रुग्ण हाक कशासाठी मारतात याचा अमेरिकेत पद्धतशीर अभ्यास झाला आहे. क्रिस्टीन मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग'मध्ये १४ रुग्णालयांतल्या २७ विभागांची पाहणी प्रसिद्ध केली. वारंवार मारल्या जाणाऱ्या हाकांमध्ये संडास-लघवीसाठी मदत, सलाईनच्या पंपाचा गजर आणि दुखणं थांबवणारं औषध ही कारणं पुढे होती. मग परिचारिकांनी हाकेची वाट न पाहता दर तासाला फेरी मारून दुखतंय का, संडासला जायचंय का, कूस बदलायची का, लागणाऱ्या वस्तू हाताशी आहेत का, एवढं विचारायला सुरुवात केली. बटण दाबण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी उतरलं आणि पडण्याचे प्रसंगही लक्षणीय घटले. या प्रयोगात नवं यंत्र एकही नव्हतं. डिजिटल संवादाविषयी वाचणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. चांगल्या वॉर्डात हाका कमी असतात, कारण विचारपूस आधीच झालेली असते.

पण दर तासाला फेरी मारायला माणसं लागतात. ती अपुरी असली की हाकेत मजकूर घालणं हाच मार्ग उरतो, आणि डिजिटल साधनांचं खरं काम इथे सुरू होतं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाने २०१९ साली शंभरावर खोल्यांत ॲमेझॉनचं बोलकं यंत्र बसवून पाहिलं. रुग्णाने तोंडाने सांगायचं की मला संडासला जायचंय, किंवा दुखतंय. वेदनेचा निरोप नोंदणीकृत परिचारिकेच्या फोनवर जायचा, संडासचा निरोप मदतनिसाकडे. ठरल्या वेळेत कुणी दखल घेतली नाही तर तो वरच्या पायरीवर सरकायचा. म्युनिकच्या क्लिनीसर्व्ह कंपनीचं ॲपही याच धर्तीचं: रुग्ण फोनवर आपली गरज निवडतो, निरोप योग्य माणसाकडे पोचतो. आपला नातेवाईक जे करतो तेच हे. मावशींचं काम मावशींना, सिस्टरचं सिस्टरला, आणि पाच मिनिटांत कुणी आलं नाही तर इन्चार्ज सिस्टरकडे.

या साधनांत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती उलट दिशेने येणारी खबर. बटण दाबल्यावर रुग्णाला काहीच कळत नाही. ऐकू गेलं का? येताहेत का? पुन्हा दाबलं तर रागावतील का? पडद्यावर "निरोप मिळाला, दहा मिनिटांत येते" एवढं उमटलं, तर माणूस दहा मिनिटं निर्धास्त पडून राहतो. तो दुसऱ्यांदा बटण दाबत नाही आणि मुख्य म्हणजे स्वतः उठत नाही. रुग्णालयाने ॲप घेतलं आणि त्यात ही परतीची खबर नसेल, तर पैसे वाया गेले असं मी बिनदिक्कत म्हणेन.

सलाईनचंच उदाहरण जवळून पाहू, कारण आपल्या वॉर्डांतल्या हाकांत त्याचा वाटा मोठा आहे. नेहमीच्या सेटमधून साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. ५०० मिलिलिटरची बाटली म्हणजे दहा हजार थेंब. मिनिटाला चाळीस थेंबांवर लावली तर २५० मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं. हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात रुग्ण हात दुमडतो, नळी अंगाखाली दबते, खाट वर-खाली केली की उंचीचा फरक बदलतो, आणि बाटली कधी तीन तासांत संपते, कधी सहा तासांत. म्हणून नातेवाईक तिच्याकडे टक लावून बसतो. संपलेल्या बाटलीतून शिरेत हवा जाईल आणि माणूस जाईल, अशी धास्ती त्याच्या मनात असते. टांगलेल्या बाटलीच्या बाबतीत सहसा तसं होत नाही. नळीतलं पाणी खाली उतरत जातं, शिरेतल्या दाबाशी बरोबरी झाली की थांबतं, आणि मग रक्त उलटं नळीत चढलेलं दिसतं. ते पाहून घरची माणसं हादरतात. खरा तोटा वेगळाच असतो. थांबलेलं रक्त सुईत गोठतं, सुई बंद पडते आणि दुसरी शीर शोधून पुन्हा टोचावं लागतं. केमोथेरपीच्या रुग्णाच्या किंवा कुपोषित बाळाच्या हातावर चांगली शीर शोधणं किती जिवावरचं काम आहे, हे ज्याने पाहिलंय त्याला दहा मिनिटांच्या उशिराची किंमत कळेल.

यावरचा इलाज अगदी छोटा आहे. थेंब जिथे पडताना दिसतात त्या काचेसारख्या कुपीला एक चिमटा लावायचा. त्यात एका बाजूला अवरक्त प्रकाश आणि समोर तो टिपणारा डोळा. थेंब आडवा आला की प्रकाश तुटतो. यंत्र थेंब मोजतं, वेग काढतं, आणि बाटली संपायला आली किंवा थेंब थांबले की काउंटरवरच्या पडद्यावर खाटेचा नंबर दाखवतं. केरळमधल्या एव्हलॅब्ज या कंपनीचं 'ड्रिपो' हे अशाच जातीचं उपकरण. मोठ्या इन्फ्युजन पंपाच्या मानाने अशी उपकरणं स्वस्त पडतात. रुग्णाला ना बटण दाबावं लागतं, ना वाचता यावं लागतं, ना संकोच मोडावा लागतो. आपल्या जिल्हा रुग्णालयांना संवादाचं कुठलं यंत्र आधी द्यावं असं कुणी विचारलं, तर मी खोलीतल्या टॅब्लेटच्या आधी हा चिमटा सांगेन.

मात्र असा प्रत्येक चिमटा आणखी एक आवाज घेऊन येतो, आणि आवाजांचं ओझं सिस्टरच्या कानांवर पडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात बार्बरा ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी पाच अतिदक्षता विभागांतल्या ७७ खाटांवर ३१ दिवस मॉनिटरचे इशारे नोंदवले. त्यांची संख्या २५ लाखांच्या वर गेली. त्यातले कानाला ऐकू येणारे धरले तरी दर खाटेमागे रोज १८७. हृदयाच्या ठोक्यांविषयीचे बारा हजारांहून अधिक इशारे तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, त्यांतले जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने इशारा दिला होता: २००९ ते २०१२ च्या मध्यापर्यंत त्यांच्याकडे गजरांशी निगडित ९८ गंभीर घटना कळवल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या ८० घटनांत रुग्णाचा मृत्यू झाला होता. इतके खोटे गजर ऐकले की कान खऱ्या गजरालाही सरावतो. त्याच गोंगाटात रुग्णाचा बझरही मिसळलेला असतो. म्हणून नवी यंत्रणा बसवताना तिने कुठले जुने आवाज बंद केले, याचा हिशेब आधी मागायला हवा.

ज्यांना आवाजच नाही त्यांचं काय? व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे शुद्धीवर असलेला माणूसही बोलू शकत नाही. आपण समजतो की असे रुग्ण बेशुद्धच असतात. अमेरिकेत मेरी बेथ हॅप यांच्या गटाने पाहिलं तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या अर्ध्याहून अधिक रुग्णांशी किमान काही काळ संवाद साधणं शक्य होतं. ते जागे होते, बोललेलं समजत होतं, प्रतिसाद देत होते. त्यांना तहान लागते, पाठीला रग लागते, आपल्याला काय झालंय हे विचारायचं असतं. हात बांधलेले असतील तर बटणही निरुपयोगी. अशांसाठी गालाने दाबता येणारी उशी आहे, फुंकर मारून चालणारी कळ आहे, नजर टिपणारे पडदे आहेत. आणि काहीच नसेल तर चित्रांची पाटी: पाणी, दुखतंय, गरम होतंय, कफ काढा, घरचे कुठे आहेत. साध्या कागदावर प्लास्टिक चढवून केलेली अशी पाटी सरकारी आयसीयूत प्रत्येक खाटेला असायला काहीच हरकत नाही.

पाटी असो वा ॲप, शब्द रुग्णाच्या बोलीतले हवेत. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत केरळहून आलेल्या सिस्टर मोठ्या संख्येने आहेत. कामात तरबेज, पण पहिली काही वर्षं मराठी जेमतेम. समोर बीडची किंवा नंदुरबारची बाई. ती छातीत दुखतंय म्हणेलच असं नाही. "जीव घाबरा होतोय", "कसंतरीच होतंय" म्हणेल, घाम पुसेल आणि गप्प पडून राहील. अनुभवी मराठी सिस्टर एवढं ऐकून ईसीजीचं मशीन ओढते. परदेशी यंत्रणेच्या यादीचं शब्दशः भाषांतर करून पडद्यावर टाकलं, तर त्यात पाणी, जेवण, टीव्ही सगळं सापडतं आणि हे नेमकं सापडत नाही. अशी यादी वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींना सोबत बसवून करावी. आणि ज्या हाकेत जिवाचा प्रश्न असू शकतो, ती यादीतून निवडायची पाळी रुग्णावर आणूच नये. तिच्यासाठी एकच मोठं लाल बटण असावं.

परदेशातल्या मुलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांना आई-बाबांची खबर हवी असते आणि ती रोज, तपशिलाने. मग वॉर्डातल्या सिस्टरच्या खासगी नंबरवर व्हॉट्सॲप सुरू होतं, रिपोर्टचे फोटो जातात, जखमेचे फोटो जातात. मागणाऱ्याची तगमग खरी असते आणि देणारीची माया खरी असते. पण २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर हा मामला केवळ मायेचा राहिलेला नाही. रुग्णाची संमती, माहिती कुठे साठते आणि कुणाच्या हातात पडते, याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. ती सिस्टरच्या खासगी फोनवर ढकलणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी, रुग्णालयाच्या फोनवरून, जबाबदार माणसाने दिलेली खबर ही सगळ्यांच्याच सोयीची.

शेवटी सगळं येऊन ठेपतं ते माणसांच्या संख्येवर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात, अध्यापन रुग्णालय असेल तर तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. सरकारी वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे वीस-तीस खाटा असणं हे मात्र ज्यांनी ते वॉर्ड पाहिलेत त्यांना नवीन नाही. खाटा भरल्यावर खाली गाद्या पडतात त्या वेगळ्याच. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून परिचारिका आणि रुग्ण यांचं प्रमाण बंधनकारक केलं. आपल्याकडे निकष आहेत, पण रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. २०२२च्या मे-जूनमध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्यात कंत्राटी भरतीला विरोध ही प्रमुख मागणी होती.

या परिस्थितीत डिजिटल हाक-यंत्रणा एक गोष्ट फार चोख करते. प्रत्येक हाक किती वाजता आली आणि ओ किती वाजता मिळाली याची नोंद ठेवते. ही नोंद कुणाच्या हातात जाते यावर सगळं अवलंबून आहे. व्यवस्थापनाने ती घेऊन "तुम्हाला चौदा मिनिटं का लागली" असा मेमो काढला, तर सिस्टर खोलीत जाऊन आधी हाक बंद करतील आणि काम मागाहून करतील. आकडे सुंदर दिसतील आणि रुग्ण तिथेच राहील. तीच नोंद अधिसेविकेने टेबलावर ठेवून दाखवली की रात्री एक ते चार या वेळात या मजल्यावर इतक्या हाका येतात आणि त्यांना दोन हात पुरत नाहीत, तर जागा मागण्यासाठी त्याहून भक्कम पुरावा नाही. आजवर परिचारिका "काम जास्त आहे" असं तोंडाने सांगत आल्या आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. यंत्राने लिहिलेला वेळ नाकारणं प्रशासनाला जड जाईल. परिचारिकांच्या संघटनांनी या यंत्रणांना विरोध करण्यापेक्षा त्यातल्या नोंदींवर हक्क सांगावा, असं माझं मत आहे.

वाचकांना काही गोष्टी सांगून हे प्रकरण संपवतो. आपलं माणूस भरती झालं की पहिल्या तासातच बेल कुठे आहे ते विचारा, सिस्टरसमोर एकदा दाबून बघा आणि कोण येतं ते पाहा. बेल सलाईन नसलेल्या हाताशी ठेवा. रात्री गादीखाली घसरणार नाही अशी उशीला अडकवा. संडासातली दोरी गुंडाळलेली असेल तर सोडायला सांगा. रुग्णाला बजावून ठेवा की रात्री उठायचं असेल तर बेल दाबणं हा सिस्टरला त्रास नाही, पडलेल्या माणसाला उचलणं हा त्रास आहे. सिस्टर आली की एकाच वेळी सगळं सांगा: पाणी, गोळी, उशी. आणि रुग्णालय निवडायला सवड असेल, तर खोलीत टॅब्लेट आहे का हे विचारण्याआधी काउंटरवर एवढंच विचारा: रात्री या मजल्यावर खाटा किती आणि सिस्टर किती?